मागल्या खोलीतली कुमुद

लहानांनो आणि थोरांनो, ही फार जुन्या काळची गोष्ट. डोंगरापायथ्याच्या एका गावात पाठशाळा होती. तिथले गुरुजी मायाळू. कुणाही मुलाला त्यांनी दारातून परत पाठवलं नव्हतं.

एके वर्षी कुमुद शाळेत आली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती सगळ्यांची हलणारी तोंडं बघे आणि काही न कळून रडू लागे.

गुरुजींना राहवेना. त्यांनी परगावाहून येसूबाईंना बोलावलं. येसूबाईंचा मुलगाही बहिरा. त्याच्यासाठी त्या हातांची बोली शिकल्या होत्या. गुरुजींनी शाळेमागे एक खोली बांधली आणि म्हणाले, "ही तुमची नि कुमुदची."

कुमुद फुलली. अक्षरं अजून यायची होती, पण हातांनी ती प्रश्न विचारी, रुसे, गोष्टी सांगे.

एकदा वर्गातली शेवंती म्हणाली, "गुरुजी, आम्हालाही ती बोली शिकवा ना. मला कुमुदशी खेळायचंय."

"अगं, तुला चांगलं ऐकू येतं. तुला कशाला ती?" गुरुजी हसले.

येसूबाईही म्हणाल्या, "मुलांना अधूनमधून एकत्र बसवू या, गुरुजी. मी काय तिला जन्मभर पुरणार आहे?"

"बघू पुढच्या वर्षी."

त्याच हिवाळ्यात येसूबाई तापाने गेल्या.

कुमुद रिकाम्या खोलीत वाट बघत बसली. मग मोठ्या वर्गात आली आणि हात हलवून विचारू लागली. पुन्हा पुन्हा विचारू लागली. कुणाला काही कळेना. गुरुजींनी पाणी दिलं. तिने नको म्हणून मान हलवली. शेवंतीने तिला मिठी मारली, पण बाई गेल्या हे सांगायचं कसं?

हळूहळू कुमुदचे हात थांबले. "नुसती बसून राहते," म्हणत वडिलांनी तिला मेंढ्यांमागे माळावर पाठवलं.

तेव्हा गुरुजी हलले. येसूबाईंच्या मुलाला विनवून त्यांनी शाळेत आणलं. सगळी मुलं ती बोली शिकली, गुरुजीही शिकले. पण त्यात बराच काळ गेला.

मग गुरुजी माळावर गेले. कुमुदसमोर बसून त्यांनी हातांनी सांगितलं, "चुकलो मी. परत ये. आता सगळे तुझ्याशी बोलतील."

कुमुदने ते सगळं पाहिलं. मग गुरुजींचे हात तिने अलगद धरले, खाली त्यांच्या मांडीवर ठेवले, आणि ती मेंढ्यांकडे निघून गेली.

पुढे त्या शाळेत अशी अनेक मुलं आली, सगळ्यांबरोबर हसली, शिकली. कुमुद मात्र कधीच आली नाही.

तात्पर्य: अशा मुलासाठी वेगळा वर्ग जरूर असावा, पण त्याचं दार इतर मुलांमध्ये उघडायला हवं, आणि तेही वेळेवर.