तिळू मुंगी आणि मुकी शिट्टी

एवढीशी तिळू मुंगी. शाळेच्या वर्गात, भिंतीच्या कडेला तिचं घर. घरात तिचं बाळ. एकदा तिळू खाऊ आणायला गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

वर्गात विज्ञानाचा तास.

घोलपबाई म्हणाल्या, "जमीन हलली तर?"

"बाकाखाली!" मुलं म्हणाली.

"आणि शिट्टी वाजेपर्यंत?"

"उठायचं नाही!"

"चला, करून बघू!" बाई म्हणाल्या. सुर्र! मुलं बाकाखाली. धप्प! जुईचं दप्तर पडलं. पडलं ते नेमकं तिळूच्या दारावर!

तिळू आली. दार बंद! तिला रडूच आलं.

"दप्तरा दप्तरा, हल ना! दार उघडेना, बाळ माझं आत!"

दप्तर म्हणालं, "जुई उचलेल, तर हलेन."

तिळू निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"जुई जुई, ऊठ ना! दप्तर हलेना, दार उघडेना, बाळ माझं आत!"

जुई म्हणाली, "बाई 'उठा' म्हणतील, तर उठेन."

तिळू निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"बाई बाई, 'उठा' म्हणा ना! जुई उठेना, दप्तर हलेना, दार उघडेना, बाळ माझं आत!"

बाई शिस्तीच्या पक्क्या. म्हणाल्या, "शिट्टी वाजेल, तर म्हणेन."

बाईंनी फुंकलं. फुस्स! पुन्हा फुंकलं. फुस्स!

तिळू शिट्टीवर चढली, तुरुतुरु तुरुतुरु.

"शिट्टी शिट्टी, वाज ना! बाई म्हणेनात, जुई उठेना, दप्तर हलेना, दार उघडेना, बाळ माझं आत!"

शिट्टी म्हणाली, "गूळ सुटेल, तर वाजेन."

गूळ? शिट्टीत? अहो, बाईंच्या पर्समध्ये शिट्टी आणि गूळ-शेंगदाणे शेजारी शेजारी!

तिळू आत शिरली, तुरुतुरु तुरुतुरु.

"गुळा गुळा, सूट ना! शिट्टी वाजेना, बाई म्हणेनात, जुई उठेना, दप्तर हलेना, दार उघडेना, बाळ माझं आत!"

गूळ म्हणाला, "कुणी खाईल, तर सुटेन."

"अगं बाई! ते तर माझंच काम!"

कुर्रम कुर्रम! गूळ सुटला. तिळू खडा घेऊन बाहेर आली.

शिट्टी वाजली, फुर्रर्र! बाई म्हणाल्या, "उठा!" जुई उठली. दप्तर हललं. दार उघडलं.

"आई!" बाळ धावत आलं.

तिळूने बाळाला पोटाशी धरलं. "जुई, बाई, शिट्टी, तुमचे खूप खूप आभार!"

बाई म्हणाल्या, "आभार तुझेच गं! खरंच जमीन हलली असती, आणि शिट्टी मुकी राहिली असती तर?"

आता बाईंचा गूळ डबीत. दप्तरं खुंटीवर. आणि दर सोमवारी आधी शिट्टी तपासायची, फुर्रर्र! मग गुळाचा एक खडा तिळूच्या दारात.

शिट्टी वाजली, गोष्ट सुटली, चला, बाकाखालून बाहेर या!