एकच खडा

तळ्यांना अजून नावं नव्हती तेव्हा एका तळ्याने मुखिया निवडायचं ठरवलं. प्रत्येक कुळाने आधी आपला उमेदवार द्यायचा, मग सगळ्यांनी एकेक खडा टाकून मत द्यायचं.

"आपल्यातून कोण उभं राहणार?" बगळ्यांनी विचारलं.

"मामंजी पहाटेपासून एका पायावर उभेच आहेत," नवी सून नवऱ्याशी कुजबुजली. सगळ्यांनी ते खरंच धरलं आणि मामंजी उमेदवार झाले.

मगरींनी सर्वांत रुंद जबड्याची मगर दिली. ती निवडून आली, तर काठावर घरटं बांधायची सोय उरणार नव्हती.

मतदानाला तीच मगर रांगेत एका बेडकीच्या मागे उभी होती.

"अहो, खाईल ती तिला," सून नवऱ्याला म्हणाली.

"आज नाही," तो म्हणाला.

मगरीने जबडा उघडला. त्या गुहेतही एकच खडा होता, सुनेच्या खड्याएवढाच.

सुनेने आपला खडा धुऊन चोचीत धरला आणि मामंजींसारखीच, न हलता, रांगेत उभी राहिली.