दुमडलेली पायदानं

घाटाच्या वरच्या अंगाला एक गाव होतं. त्या गावात एक जुनी मोटरसायकल होती आणि तिला तातोबा हसबे नावाचा मालक होता. खरं तर मालक आधी सांगायला हवा. पण गावात सगळे आधी गाडीचंच नाव घेत, कारण दोघांत तीच जास्त चकचकीत होती.

गावाला एसटी यायची तेव्हा यायची. त्यामुळे तिथे एक चाल पडली होती. दुचाकीवरून तालुक्याला निघालेल्याने तिठ्यावर थांबायचं, हॉर्न द्यायचा आणि ज्याला यायचं असेल त्याला मागे घ्यायचं. मागची गादी रिकामी ठेवून घाट उतरणं तिथे कमीपणाचं समजत.

तातोबाच्या मागे त्याची बायको रखमा बसायची. ती नसली तर दुसरं कुणी. पुढे रखमा आजारात गेली आणि तातोबाने तिठ्यावर थांबणं सोडलं. मागच्या गादीला रखमाने जुन्या लुगड्याचं कव्हर शिवलं होतं. ते तो धुऊन, वाळवून पुन्हा चढवी आणि त्यावर कुणाला टेकू देत नसे. आधी लोकांनी समजून घेतलं. मग हात करणं बंद केलं. शेवटी त्याच्याशी बोलणं ‘बरी हाय न्हवं?’ एवढ्यावर आलं. बरी म्हणजे गाडी. तातोबा बरा आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं.

दरवर्षी तालुक्याच्या मैदानात जुन्या गाड्यांची तपासणी होई. नापास गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा नियम होता. त्या वर्षी पहिल्यांदाच तातोबाच्या गाडीची पाळी आली. गाडी गेली तर घरात रखमाचं म्हणावं असं काय उरणार होतं? त्याने अंगणात पोतं अंथरलं आणि कामाला लागला. चेन काढून डिझेलमध्ये बुडवली. ब्रेकचे लायनर बदलले, इंडिकेटरच्या वायरी नव्याने जोडल्या, टायरांत हवा भरली, एकट्या माणसाला लागते तेवढी. शेजारचं कुणी डोकावलं तर “जमतंय माझं मला,” म्हणून त्याला वाटेला लावलं. जमतही होतं म्हणा. गाडीला बोट दाखवायला जागा उरली नाही, असं त्याला वाटलं.

तपासणी आणि तालुक्याचा बाजार एकाच दिवशी आले. सकाळी तिठ्यावर हौसाक्का रताळ्यांची पाटी घेऊन उभी होती. ती रखमाची मैत्रीण, बहिणीसारखी. म्हणून तातोबाला ती दाजी म्हणायची. लांबून गाडी येताना बघून तिने हात वर केला. मग गाडी कुणाची आहे ते तिला दिसलं, आणि वर गेलेल्या हाताने तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. तातोबाला हे सगळं दिसलं. पण पाटीची माती गादीला लागली असती. तो थांबला नाही.

मैदानात तपासणीला एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, हॉर्न वाजवून बघितला. तातोबाची छाती फुगत चालली होती. मग मॅडम खाली वाकल्या. मागे बसणाऱ्याने पाय ठेवायची पायदानं वर दुमडलेली होती. त्यांनी एक खाली ओढलं. हललं नाही. दुसरं ओढलं. तेही गंजून घट्ट बसलं होतं.

“मागे कोण बसतं, काका?”

“कोण न्हाई.”

“मग असं करा, मागची गादी काढून टाका. एकट्याची गाडी म्हणून पास करते. नाहीतर पायदानं मोकळी करा आणि कुणाला तरी बसवून मैदानाकडेचा तो चढ चढून दाखवा. मी दुपारपर्यंत आहे.”

गादी काढणं सोपं होतं. दोन तर बोल्ट. तातोबाने पाना घेतला. पहिला बोल्ट लगेच सुटला, कारण त्याला त्यानेच वंगण घातलं होतं. दुसऱ्याला पाना लावला आणि त्याला एकदम भीती वाटली. रखमा गेली त्या दिवशीही वाटली नव्हती, एवढी. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. आज हा बोल्ट निघाला की आपण एकटे आहोत हे पक्कं होणार, आणि ते आपल्याच हाताने.

त्याने पहिला बोल्ट परत बसवला. पायदानांवर तेल सोडलं, हातोडीने हलके ठोके दिले. गंजाचा भुगा पडला आणि दोन्ही खाली आली. आता माणूस हवा होता. गावचे चारदोन जण मैदानात होते. तातोबाने त्यांच्याकडे बघितलं. ज्याने त्याने आपापल्या गाडीत डोकं घातलं. त्यांच्या मनात राग नव्हता. तातोबाला आपलं काही लागेल हेच ते विसरून गेले होते.

तो बाजारात गेला आणि रताळ्यांसमोर उभा राहिला.

“हौसाक्का, माझ्या गाडीवर बसतीस काय? तपासणीला माणूस पायजे.”

“सकाळी जागा न्हवती, दाजी?”

“हुती. मी थांबलो न्हाई.”

हौसाक्काने रताळ्यांवर फडकं टाकलं. मग शेजारणीला पाटीकडे लक्ष ठेवायला सांगून ती उठली.

चढ छोटाच होता. पण तातोबाला माणूस घेऊन गाडी चालवायची सवय राहिली नव्हती. हँडल डगमगलं, एकट्यापुरती हवा भरलेला मागचा टायर दबला. हौसाक्काने घाबरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मातीने माखलेला हात. तातोबाला रडू आलं, आणि रडत रडतच त्याने गाडी वर नेली. मॅडमनी पास म्हणून शिक्का मारला.

“चल, घरापातूर सोडतो,” तो म्हणाला.

“तपासणी झाली न्हवं? मग जावा तुमी. मी जाईन चालत.”

तो एकटाच घाट चढला. खाली सोडलेली पायदानं वाटभर खडखडत होती. ती परत दुमडावी असं त्याला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिठ्यावर थांबला आणि हॉर्न दिला. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लोक बघत आणि आपल्या वाटेने जात. तातोबा गाडी बंद करून तिथेच उभा राही, आणि आपणही कितीजणांना असं उभं ठेवलं ते त्याला एकेक करून आठवे.

पुन्हा बाजाराचा दिवस आला. हौसाक्का पाटी घेऊन तिठ्यावर उभी होती. तातोबाची गाडी येताना तिला दिसली, गाडी कुणाची तेही दिसलं. तिने हात वर केला. पदराकडे नेला नाही, तसाच वर ठेवला.

तातोबाने ब्रेक दाबला आणि मातीने माखलेली पाटी आधी स्वतःच गादीवर ठेवली.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची जागा कुलूप लावून जपली तर तिला गंज चढतो, तिथे दुसऱ्याला बसू दिलं तरच ती जपली जाते.