नखी मुंगी आणि चाकाखालचं खोबरं

एक होती मुंगी. नखाएवढी. म्हणून तिचं नाव नखी.

एक होती गाडी. निळी. ती होती आईची. गाडी वर्षभर बिल्डिंगखाली उभी असायची. कव्हर पांघरून झोपायची. आईला रस्त्याची भीती वाटायची. रस्त्याला आईची वाटायची का, ते कोणी विचारलं नाही.

मग आला दसरा. आईने कव्हर काढलं. गाडीला आंघोळ घातली. झेंडूचा हार घातला. कुंकू लावलं. नारळ फोडला. फट्! खोबऱ्याचा एक तुकडा उडाला. टुण्! पडला नखीपुढे.

"माझं!" नखी म्हणाली. तिला फार भूक लागली होती.

पण दसऱ्याला गाडी लिंबावरून न्यावी लागते. आईने चाकापुढे लिंबू ठेवलं. किल्ली फिरवली. खर्र खर्र घुर्र! क्लच सोडला. जरा घाईने सोडला. गाडीने उडी मारली. धप्प! लिंबू फुटलं. गाडी बंद पडली. आणि चाक बसलं नखीच्या खोबऱ्यावर.

आईने किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. गाडी काही बोलेना.

नखीने खोबरं ओढलं. हं हं हं! खोबरं काही निघेना.

नखी गेली चाकाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"चाकोबा, चाकोबा, सरक ना! तू सरकलास की माझं खोबरं सुटेल."

चाक म्हणालं, "मी नाही सरकणार. इंजिन गुरगुरलं, तर सरकेन."

नखी गेली इंजिनाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"इंजिनदादा, इंजिनदादा, गुरगुर ना! तू गुरगुरलास की चाक सरकेल, चाक सरकलं की माझं खोबरं सुटेल."

इंजिन म्हणालं, "मी नाही गुरगुरणार. बॅटरी उठली, तर गुरगुरेन."

बॅटरी शेजारीच होती. गाढ झोपलेली. नखी गेली बॅटरीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बॅटरीमावशी, बॅटरीमावशी, ऊठ ना! तू उठलीस की इंजिन गुरगुरेल, इंजिन गुरगुरलं की चाक सरकेल, चाक सरकलं की माझं खोबरं सुटेल."

बॅटरीने एक डोळा उघडला. "वर्षभर कोणी उठवलं नाही. आता मी नाही उठणार. लाल-काळ्या वायरीने चिमटा काढला, तर उठेन."

लाल-काळी वायर होती टिल्लूकाकांच्या गाडीत. मागे, डिकीत. नखी फटीतून आत शिरली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"वायरताई, वायरताई, चिमटा काढ ना! तू चिमटा काढलास की बॅटरी उठेल, बॅटरी उठली की इंजिन गुरगुरेल, इंजिन गुरगुरलं की चाक सरकेल, चाक सरकलं की माझं खोबरं सुटेल."

वायर म्हणाली, "मी नाही काढणार. टिल्लूकाकांनी डिकी उघडली, तर काढेन."

टिल्लूकाका पहिल्या मजल्यावर राहायचे. फार उंच होते. गॅलरीत उभे राहून चहा पीत होते. नखी भिंत चढली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"टिल्लूकाका, टिल्लूकाका, डिकी उघडा ना! तुम्ही डिकी उघडलीत की वायर चिमटा काढेल, वायरीने चिमटा काढला की बॅटरी उठेल, बॅटरी उठली की इंजिन गुरगुरेल, इंजिन गुरगुरलं की चाक सरकेल, चाक सरकलं की माझं खोबरं सुटेल."

काका म्हणाले, "मी नाही उघडणार. न बोलावता गेलं की लोक म्हणतात, काका, आमचं आम्ही बघू. आईने हाक मारली, तर उघडेन."

नखी भिंत उतरली. तुरु तुरु, तुरु तुरु. आई गाडीपाशी उभी होती. हातात किल्ली. चेहरा रडवेला.

"आई, आई, हाक मार ना! तू हाक मारलीस की काका डिकी उघडतील, काकांनी डिकी उघडली की वायर चिमटा काढेल, वायरीने चिमटा काढला की बॅटरी उठेल, बॅटरी उठली की इंजिन गुरगुरेल, इंजिन गुरगुरलं की चाक सरकेल, चाक सरकलं की माझं खोबरं सुटेल."

आई म्हणाली, "मी नाही हाक मारणार."

"का?"

"लाज वाटते. काका म्हणतील, वर्षातून एकदा गाडी काढतेस, तीही बंद पाडतेस! लाज गेली, तर हाक मारेन."

"लाज कुठे राहते?" नखीने विचारलं. "मी जाऊन सांगते तिला."

आईने विचार केला. "पत्ता नाही माहीत."

आता कुठे जायचं? नखीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. समोर आईचा अंगठा होता. आई अनवाणी होती. पूजेला चपला कोण घालतं?

नखी अंगठ्यावर चढली. तुरु तुरु.

कडाक!

"आई गंऽऽ!" आई ओरडली.

काका गॅलरीतून वाकले. "काय झालं गं?"

"मुंगी चावली."

"बरं," काका म्हणाले. चहाचा घोट घेतला. "आणखी काही?"

आईने किल्लीकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. पायाकडे पाहिलं. मग एका दमात म्हणाली,

"काका-गाडी-बंद-पडली-जरा-येता-का?"

"अगं, मग लगेच बोलायचं नाही का!"

काका खाली आले. धाड धाड धाड! आपली गाडी जवळ आणली. डिकी उघडली. वायरीने चिमटा काढला. कच्च! बॅटरी उठली. इंजिन गुरगुरलं. घुर्र घुर्र घुर्रऽऽ! चाक सरकलं. आणि नखीचं खोबरं सुटलं.

"आता लगेच बंद करू नकोस हं," काका म्हणाले. "बॅटरी परत झोपेल. मोठी चक्कर मारून ये."

"मी?" आई म्हणाली.

"मग काय मुंगी?"

आई गेली. हळूहळू गेली. मागून सगळे हॉर्न वाजवत होते. पण गेली.

खोबरं पापडासारखं चपटं झालं होतं. नखीने ते डोक्यावर घेतलं. बिळाकडे निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

बिळात साऱ्या मुंग्या जमल्या. "एवढा उशीर का गं?"

नखी म्हणाली, "आई हाक मारेना, म्हणून काका डिकी उघडेनात, म्हणून वायर चिमटा काढेना, म्हणून बॅटरी उठेना, म्हणून इंजिन गुरगुरेना, म्हणून चाक सरकेना, म्हणून माझं खोबरं सुटेना. मग मी आईला चावले."

मुंग्या म्हणाल्या, "अगं, मग लगेच चावायचं नाही का!"

नखी म्हणाली, "मं मं मं." तिच्या तोंडात खोबरं होतं.