सरासरी वेग

यंत्रांचं बोलणं माणसांना अजून ऐकू येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका सूक्ष्मदर्शकात कानाला न कळणाऱ्या थरथरीवर चालणारी मोटर होती. खाली थरथरणारं कडं, त्यावर फिरणारी चकती आणि तिला वरून दाबून धरणारी म्हातारी स्प्रिंग. स्प्रिंग एका बाजूला जास्त दाबायची. तिथे चकती दर फेरीला अडखळायची, मग हिसका खाऊन पळायची आणि खरवडली जायची.

"आत्या, दाब सारखा ठेवा. मी झिजतेय."

"आमच्या काळी कुणी कुरकुरत नव्हतं," स्प्रिंग म्हणाली.

चकतीने वेग सांभाळणाऱ्या नियंत्रककाकांना हाक मारली. ते फेरी संपल्यावर एकदाच बघायचे. "सरासरी वेग बरोबर आहे. उगाच कांगावा करू नकोस."

"अडखळणं आणि धावणं एकत्र करून बरोबर म्हणता? खरवडली जातेय ती सरासरी नाही, मी आहे!"

"फार बोलतेस. सोस जरा, सवय होईल."

चकतीने कड्याला घट्ट धरलं आणि ती थांबली. काकांनी थरथरीचा जोर वाढवला. कडं तापलं, पण ती हलली नाही. "फेरीच्या मधे बघणार असाल, तरच फिरेन."

नाइलाजाने काकांनी मधे बघितलं. दाब जास्त तिथे जोर वाढवला, पुढे लगेच कमी केला. चकती पहिल्यांदाच एकसारखी फिरली.

"बघ, शेवटी आम्हीच जमवलं ना!" काका खुशीत म्हणाले.

"हो काका," चकती म्हणाली. "मी अर्धी झिजल्यावर."