महाराजांची चार बोटं

धवलगडच्या सायकल शर्यतीत उतरायचं, तर हँडल आणि ब्रेकची दांडी यांत चार बोटांचं अंतर हवं, असा नियम होता. आणि बोटं कुणाची? रणधवल महाराजांची, एकेक केळ्याएवढं! त्या मापाची पितळी पट्टीच करून ठेवलेली. पट्टी मध्ये बसली नाही, की सायकल बाद.

शिंप्याच्या मथुराची सायकल अशीच बाद झाली. पट्टीप्रमाणे ब्रेक लांब केला, तर तिची बोटं पोचेनात, आणि पुढे घाटाचा उतार! जिंकणाऱ्याला दरबारी टपाल नेण्याची नोकरी मिळणार होती. मथुराला ती हवी म्हणजे हवीच होती. ती थेट महाराजांपुढे उभी राहिली.

"सरकार, या मापानं मी सायकलीसकट दरीत जाईन!"

"मग घरी बस! सगळ्यांना एकच माप, हाच माझा न्याय," महाराज गुरगुरले. "माझ्या तोंडून 'माप चुकलं' असं वदवून दाखव, लगेच नियम बदलतो. नाही जमलं, तर सायकल सरकारजमा!"

महाराजांनी चूक कबूल केल्याचं धवलगडात कुणाच्या आज्यानंही ऐकलं नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी महाराज निशाण घेऊन उभे राहिले. मथुरानं तबक पुढे केलं. त्यात मखमली हातमोजे, वर जरीची बुट्टी! नवं काही दिसलं, की महाराजांना दम निघत नसे. त्यांनी उजवा हात घातला. अर्धाच गेला. मग ओढाओढ केली, दात लावले, दिवाणजींनी मनगट धरलं. हात आत जाईना की बाहेर येईना! बायका तोंडाला पदर लावून खुसखुसू लागल्या.

"कुणी शिवले हे? माप साफ चुकलंय!" महाराज ओरडले.

"वदलात, सरकार!"

"मी मोज्यांचं म्हणालो! नियमाचं नव्हे!"

"मोजे नियमानंच शिवलेत, सरकार. सगळ्यांना एकच माप! फक्त या खेपेला बोटं माझी धरली."

महाराजांनी डोळे वटारले, अडकलेल्या हाताकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटले.

"हरलो! दिवाणजी, लिहा, ज्याचा हात त्याचं माप! पोरी, ब्रेक जवळ घे तुझा. पण आधी हा मोजा काढ!"

"परत आल्यावर उसवते, सरकार. आता शर्यत सुटतेय!"

दुपारी घाट उतरून पहिली आली ती मथुराच. महाराजांनी टपालाची पिशवी हसत हसत तिच्या गळ्यात घातली, डाव्या हातानं.