पाथरवटाचं सुबक अक्षर

एका डोंगराखालच्या गावात एक पाथरवट होता. पाटा म्हणा, जातं म्हणा, उंबरठा म्हणा, त्याच्या टाकी-छिन्नीखाली दगड शहाण्यासारखा वागे. आपल्या हाताचा त्याला फार गर्व होता, आणि तो अगदीच खोटा होता असंही नाही.

गावच्या तळ्याकाठी दगडी बुद्धमूर्ती होती. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी श्रद्धेने घडवून वाहिलेली. मूर्तीच्या पायाशी हात जोडून बसलेला एक बोटभर माणूस, त्याच्या कमरेला काहीतरी खोचलेलं, आणि खाली झिजलेल्या रेघांची एक ओळ.

एकदा शहरातल्या संग्रहालयातून एक बाई आल्या. त्यांनी रेघांवर ओला कागद थापून शाईने ठसा घेतला आणि मूर्ती संग्रहालयाला द्याल का, असं विचारलं. गाव हो म्हणालं. गाडी आठ दिवसांनी येणार होती.

बाईंची पाठ फिरताच पाटलांनी पाथरवटाला बोलावलं.

"त्या रेघोट्या घासून काढ, अन् तिथं माझं नाव कोर. देणाऱ्याचं नाव नको व्हय?"

पाथरवटाने सवयीने आधी दगड चाचपला आणि त्याचं बोट थबकलं. ही पावसाची झीज नव्हती. ह्या टाकीच्या खुणा होत्या, कुणा जाणत्या हाताच्या.

"पाटील, ह्या रेघोट्या न्हाईत. अक्षरं हायेत."

"तुला वाचता येतंय?"

"न्हाई."

"मग?"

बोटांना कळतंय, एवढं सांगायला हवं होतं. पण आपलं काम आता सगळं शहर बघणार, या विचाराने त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. त्याने पिशवीतून टाकी काढली. पाटलांनी खडूने नाव लिहून दिलं, त्याने जुनी ओळ घासून काढली आणि ते कोरलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. हे घाव मात्र देवाने मागितले नव्हते.

वर्षभराने पाटील त्याला घेऊन संग्रहालयात गेले.

"आमच्या पाथरवटाचं अक्षर बघा बाई, मोत्यावानी," पाटील म्हणाले.

बाईंनी जुना ठसा आणून मूर्तीशेजारी धरला आणि वाचला, "ही मूर्ती एका पाथरवटाचं दान. हिचं पुण्य माझ्या आईबापांना आणि सगळ्या जीवांना लाभो." मग म्हणाल्या, "स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं त्याने."

पाथरवटाने खाली वाकून त्या बोटभर माणसाकडे पाहिलं. कमरेला खोचलेला तो पावा असावा, असं तो लहानपणापासून समजत आला होता. ती टाकी होती.

त्याचा चेहरा उतरला. "बाई, मी हे नाव पुसून टाकू का?"

"नको. एकाच दगडावर किती वेळा पुसायचं?"

तेवढ्यात मूर्ती पाहायला आलेली एक आई आपल्या लेकीला म्हणाली, "बघ गं, अक्षर किती सुबक आहे."

पाथरवटाने दोन्ही हात धोतराच्या सोग्यात लपवले आणि खाली मान घालून तो बाहेर पडला.

तात्पर्य: हाताला कळलेलं खरं तोंडाने गिळलं, तर पुढे त्याच हाताची लाज वाटते.